सत्तरीच्या आईला रेडिएशन द्यायचं का नको?

"आईची स्तनातली गाठ काढली, टाके पण सुकले, आता डॉक्टर रेडिएशन घ्या म्हणतायत, पण ह्या वयात कशाला उगंच तिच्या जिवाला त्रास?" मिरजेत कुठल्याही कॅन्सरच्या ओपीडीबाहेर बाकावर तासभर बसलात तर हे कुणाच्या तरी तोंडून ऐकायला मिळतंच. आणि त्याच बाकावर पलीकडं कुणीतरी बरोबर उलटं बोलत असतं, की आमच्या पाहुण्यातल्या एकीला डॉक्टरांनी रेडिएशनची गरजच नाही म्हणून सांगितलं, वय दोघींचं सारखंच, मग आमच्याच आईला का, बिल वाढवायला का? दोघंही वयाकडं बघून उत्तर शोधतायत. वय बघावं लागतं हे खरं, पण नुसतं वय बघून ह्याचं उत्तर निघत नाही, त्याच्या आधी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट बघावा लागतो आणि तो रिपोर्ट बहुतेक घरांत फाईलमध्ये तसाच घडी घालून पडलेला असतो.

मी डॉक्टर नाही. पण घरातल्या आणि नात्यातल्या बायकांबरोबर सांगली-मिरज वाऱ्या भरपूर झाल्या, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावून सोडलं, वाचलं पण बरंच, त्यातून जे डोक्यात बसलं ते साध्या भाषेत लिहितेय. तुमच्या पेशंटचं काय करायचं ते तुमचे डॉक्टरच सांगणार, पण त्यांच्यासमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं एवढं तरी ह्यातनं कळेल.

आधी गाठ काढून झाल्यावर परत हे शेक, म्हणजे रेडिएशन, कशाला ते बघू. पूर्वी सरसकट अख्खा स्तन काढायचे. आता गाठ लहान असेल तर गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा चांगला भाग एवढंच काढतात, स्तन राहतो. हळदीच्या रानात लव्हाळा उपटलेल्या माणसाला पुढचं लगेच कळेल, वरचं हिरवं सगळं उपटलं की रान स्वच्छ दिसतं, पण मातीत बारक्या गाठी राहिल्यात का नाही ते वरून बघून सांगता येत नाही. राहिलेल्या स्तनात डोळ्याला, सोनोग्राफीला, कशालाच न दिसणाऱ्या पेशी असू शकतात, आणि रेडिएशन असतं ते ह्या असू शकणाऱ्या पेशींसाठी. म्हणजे दिसणाऱ्या कॅन्सरवरचा हा उपचार नाही, पुढं परत येऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त आहे. हे एकदा नीट कळलं की "गाठ तर काढली ना, मग आता काय" हा प्रश्न सुटतो, आणि त्याच्याबरोबर दुसरा उभा राहतो, की बंदोबस्त किती मोठा हवा हे माणसागणिक वेगळं असणार की नाही?

रेडिएशन देणारं मशीन म्हणजे लिनॅक, विजेवर चालतं आणि साध्या एक्स-रेपेक्षा कितीतरी जोरदार एक्स-रे तयार करतं. ही किरणं पेशीच्या आतला डीएनए तोडतात. चांगल्या पेशींना ही मोडतोड बऱ्यापैकी दुरुस्त करता येते, कॅन्सरच्या पेशी त्यात कच्च्या असतात, म्हणून सगळा डोस एकदम न देता रोज थोडा थोडा देतात, मधल्या वेळात चांगल्या पेशी सावरतात आणि खराब पेशी मरत जातात. डोस मोजतात ग्रेमध्ये. मशीन बंद झालं की किरणं बंद, अंगात काहीही साठून राहत नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण एका घरात सुनेनं सासूचे कपडे वेगळे धुवायला काढलेले मी बघितलेत आणि आजीबाई नातवाला जवळ घ्यायला घाबरत होत्या. घ्या की मांडीवर नातवाला, बाहेरून दिलेल्या रेडिएशननं कुणालाही काही होत नाही.

आता मुद्द्याचं. सगळ्या वयाच्या बायका धरल्या तर गाठीचं ऑपरेशन झाल्यावर रेडिएशन दिलं की कॅन्सर परत यायचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं आणि पुढच्या १५ वर्षांत ह्या आजारानं होणारे मृत्यूही थोडे कमी होतात, त्यामुळं गाठ काढली की रेडिएशन हा नियमच होऊन बसलाय. पण डॉक्टरांनाच शंका आली की हा नियम सत्तरीच्या बाईला पण तसाच लावायचा का, कारण उतारवयातला कॅन्सर बऱ्याचदा हळू वाढणारा असतो, हार्मोनच्या गोळीला, म्हणजे कॅन्सरला मिळणारं हार्मोनचं बळ तोडणाऱ्या गोळीला, चांगली दाद देतो, आणि बाईला बाकीची दुखणी पण असतात. मग त्यांनी ते तपासून बघितलं.

अमेरिकेत १९९४ ते १९९९ मध्ये सत्तरी आणि त्याच्या पुढच्या ६३६ बायका घेतल्या, सगळ्यांची गाठ २ सेंटिमीटरपर्यंत, काखेत काही लागत नाही, कॅन्सर हार्मोनवर वाढणारा. सगळ्यांची गाठ काढली, सगळ्यांना टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी दिली, आणि निम्म्यांनाच रेडिएशन दिलं. दहा वर्षांनी बघितलं तर रेडिएशन न घेतलेल्या शंभरजणींत साधारण दहाजणींना त्याच स्तनात किंवा काखेत परत झालं, घेतलेल्यांत दोघींना. पण जिवंत किती राहिल्या? एका गटात शंभरात ६७, दुसऱ्यात ६६, म्हणजे काहीच फरक नाही. त्यातला मला सगळ्यात बोलका वाटलेला आकडा वेगळाच आहे, साधारण साडेबारा वर्षं नजर ठेवली तोपर्यंत एकूण ३३४ बायका वारल्या होत्या आणि त्यातल्या फक्त २१ स्तनाच्या कॅन्सरनं. बाकी सगळ्या दुसऱ्याच कशानं तरी.

नंतर ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी प्राईम-२ नावाचा अभ्यास केला, ६५ आणि पुढच्या १३२६ बायका, गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत, काखेच्या गाठी, म्हणजे तिथल्या मूळच्याच ग्रंथी, स्वच्छ, हार्मोन पॉझिटिव्ह, गोळी सगळ्यांना. ह्याचे दहा वर्षांचे निकाल २०२३ मध्ये आले. रेडिएशनशिवाय त्याच स्तनात परत आलं ९.५ टक्के, रेडिएशननं ०.९ टक्के. जिवंत राहण्याचं प्रमाण दोन्हीकडं ८० टक्क्यांच्या थोडं वर, फरक दशांशाच्या पुढचा.

ह्या आकड्यांचं गणित घरात कसं मांडता त्यावर निर्णय फिरतो बघा. "रेडिएशन नाही घेतलं तर धोका दहापट" असं म्हटलं की पोरं लगेच उद्यापासून चालू करा म्हणतील. "शंभरातल्या नव्वदजणींना रेडिएशन न घेताच दहा वर्षं तिथं काही झालं नाही आणि आयुष्यात पण फरक पडला नाही" असं म्हटलं की तीच पोरं नको म्हणतील. आकडे तेच आहेत आणि दोन्ही वाक्यं खरी आहेत, म्हणून डॉक्टरांना टक्के नका विचारू, "शंभरजणींत किती" असं दोन्ही बाजूंनी विचारा. परत आलं तर काय करावं लागतं ते पण विचारा, कारण त्याच स्तनात परत आलं तर बहुतेक वेळा दुसरं ऑपरेशन करून काढता येतं, पण ७८ व्या वर्षी दुसरं ऑपरेशन ही पण काही सोपी गोष्ट नाही. काही बायकांना परत येण्याची धास्तीच इतकी असते की त्या म्हणतात घेऊन मोकळं होते, आणि ते पण अगदी बरोबर आहे.

पण इथंच आपल्या भागात गडबड होते. हे वाचून कुणी म्हणेल, झालं की मग, सत्तरीनंतर रेडिएशन नको. तर नाही! ह्या अभ्यासांतल्या बायका अमेरिका-ब्रिटनच्या, तिथं ठराविक वयानंतर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, नेहमीची असते, हाताला लागायच्या आधीच गाठ सापडते. आपल्याकडं मॅमोग्राफी कोण करतंय? जत, आटपाडी, माण, खटाव, कुठलंही गाव घ्या, आंघोळ करताना गाठ हाताला लागलेली असते पण दुखत नाही, मग द्राक्षाची छाटणी होऊ दे, कारखान्याचा सीझन संपू दे, नातीचं लग्न होऊ दे असं करत वर्ष जातं आणि मिरजेत पोचेपर्यंत गाठ लिंबाच्या वर गेलेली असते आणि काखेत पण उतरलेली असते. त्या बाईला हे "गरज नाही" लागूच होत नाही, मग ती सत्तरीची असो नाहीतर ऐंशीची. माझ्या मते आपल्याकडं गरज नसताना रेडिएशन दिलं ह्यापेक्षा गरज असताना "वय झालंय" म्हणून सोडून दिलं हाच प्रकार जास्त आहे.

म्हणून रिपोर्ट बाहेर काढा. ऑपरेशननंतरचा म्हणजे काढलेल्या गाठीचा हिस्टोपॅथॉलॉजीचा मोठा रिपोर्ट, सुईच्या तपासणीचा नाही. त्यात गाठीची साईज सेंटिमीटरमध्ये किंवा मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, दोनच्या आत आहे का तीनच्या वर ते बघा. मग मार्जिन, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत कॅन्सर पोचलाय का, कड स्वच्छ पाहिजे. मग काखेच्या गाठी, तपासल्या किती आणि त्यात लागण किती, "० बाय ३" म्हणजे तीन तपासल्या एकीत पण नाही. ग्रेड १, २ किंवा ३, म्हणजे पेशी किती उचापती आहेत. आणि मग आयएचसीचा कागद, हा कधी कधी आठवडाभर मागून येतो आणि तो आणायला परत कुणी जातच नाही, त्यात ईआर, पीआर म्हणजे कॅन्सर हार्मोनवर वाढणारा आहे का ते, आणि हर-टू म्हणजे पेशी वाढवणारं एक प्रथिन जास्त आहे का ते असतं. ईआर जोरदार पॉझिटिव्ह असेल तर हार्मोनची गोळी काम करणार. ईआर कमी असेल तर ब्रिटनच्या त्याच अभ्यासात अशांना रेडिएशनशिवाय परत येण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. आणि तिन्ही निगेटिव्ह असेल किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल तर रेडिएशन सोडण्याची ही चर्चा त्या बाईसाठी नाहीच. अलीकडं केआय-६७ नावाची तपासणी पण बघतात, पेशी किती वेगानं वाढतायत त्याची, आणि त्यावरून अगदी ५५ च्या पुढच्या काही निवडक बायकांना पण रेडिएशन टाळता येईल का ह्याचे अभ्यास झालेत, पण ते अजून नवीन आहे.

लहान गाठ, स्वच्छ कड, काख रिकामी, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. हे सगळं जुळलं तरच मग वयाकडं यायचं.

आणि वय म्हणजे तरी काय हो. आपल्याकडच्या निम्म्या आज्यांचा आधार कार्डावरचा वाढदिवस १ जानेवारी आहे, कुणीतरी कधीतरी अंदाजे टाकलेला, "दुष्काळ पडला तवा मी चालत होते" हा खरा जन्मदाखला. त्यामुळं ६४ आणि ६६ मध्ये जीव काढण्यात अर्थ नाही. डॉक्टर बघतात ते हे, की बाई स्वतःचं स्वतः करते का, जिना चढताना दम लागतो का, हार्ट, किडनी, शुगर, स्मृती कशी आहे, वर्षभरात वजन उतरलंय का, घरात पडली होती का. सत्तरीची धडधाकट बाई, पहाटे उठून धारा काढणारी, ती अजून पंधरा वर्षं सहज काढू शकते, तिच्यासाठी दहा वर्षांनंतरचं परत येणं हा खरा प्रश्न आहे. आणि त्याच वयाची दुसरी, दोनदा अटॅक येऊन गेलेली, डायलिसिसवर असलेली, तिच्यासाठी तो प्रश्न मागे पडतो. दोघी सत्तरीच्याच.

मग राहते गोळी. रेडिएशन सोडण्याचा सगळा हिशोब ह्या एका गोष्टीवर उभा आहे की बाई पाच वर्षं रोज न चुकता हार्मोनची गोळी घेणार. लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल नाहीतर टॅमॉक्सिफेन. गोळ्या जेनेरिकमध्ये महाग नाहीत, प्रश्न पैशाचा कमी आणि त्रासाचा जास्त. लेट्रोझोलनं सांधे धरतात, सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, हाडं ठिसूळ होतात त्यामुळं हाडांची डेक्सा तपासणी आणि कॅल्शियम, डी व्हिटॅमिन हे मागं लागतं. टॅमॉक्सिफेननं हाडांना त्रास नाही पण रक्ताच्या गुठळ्यांचा आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा थोडा धोका असतो, म्हणून त्यावर असताना परत अंगावरून जायला लागलं तर लगेच दाखवायचं. आणि बायका काय करतात, दोन-चार महिने घेतात, गुडघे दुखायला लागले की गोळी गुपचूप बंद करतात आणि घरात कुणाला सांगत पण नाहीत. रेडिएशन पण नाही आणि गोळी पण नाही, म्हणजे मग बंदोबस्त काहीच नाही.

आमच्या शेजारच्या काकूंच्या सासूबाई, तासगावकडच्या, त्यांच्याबरोबर मी गेले होते. रिपोर्ट अगदी वर लिहिलाय तसा चांगला, डॉक्टरांनी दोन्ही पर्याय समजावले. मुलगा खुर्चीत पुढं सरकून सगळी उत्तरं देत होता, आई गोळी घेईल, मी लक्ष ठेवतो, शेकबिक नको तिला झेपायचे नाहीत. डॉक्टरांनी त्याचं ऐकून घेतलं आणि मग खुर्ची आजींकडं वळवली आणि जरा मोठ्यानं विचारलं, आजी तुम्हाला काय वाटतं. आजी पदर सावरत म्हणाल्या, "ब्लडप्रेशरची एक गोळी ध्यानात ऱ्हात न्हाई माझ्या, त्यात ही पाच वरसं कुठली घेतीय मी, त्यापरास पाच दिवस येऊन जाईन की." मुलगा गप्प. आजींना आजाराचं नावसुद्धा कुणी नीट सांगितलेलं नव्हतं, "गाठ हाय" एवढंच, आणि तरी सगळ्यात नेमकं उत्तर त्यांनीच दिलं. तुमच्या घरात पण विचारा तिला, तिचं शरीर आहे. "तिला सांगू नका, खचेल" हे मला कधी पटलं नाही, रोज मशीनखाली झोपवणार आणि कशासाठी ते सांगणार नाही, त्यानं माणूस जास्त घाबरतो.

आणि आजींचा तो हिशोब हवेतला नाही. सत्तरीपुढच्या बायकांत सरळ तुलना करणारा युरोपा नावाचा एक अभ्यास चालू आहे, एका गटाला फक्त रेडिएशन, दुसऱ्याला फक्त गोळी. त्याचे पहिले निकाल आलेत, दोन वर्षांनी विचारलं तर रोजचं जगणं, तब्येत, उत्साह ह्यात फक्त रेडिएशनवाल्या बायका जास्त बऱ्या होत्या. परत येण्याचं प्रमाण किती हे कळायला अजून वर्षं जायची आहेत. पण रेडिएशन म्हणजे जास्त त्रास आणि गोळी म्हणजे काहीच नाही हा जो आपला पक्का समज आहे तो तरी हलला.

पाच दिवस हे काय, असं वाटलं असेल. पूर्वी पाच-सहा आठवडे रोज जावं लागायचं, मग ते तीन आठवड्यांवर आलं, ४० ग्रे १५ वेळा, आणि ते बऱ्याच ठिकाणी नेहमीचं झालं. २०२० मध्ये ब्रिटनच्या फास्ट-फॉरवर्ड अभ्यासाचे निकाल आले, ४०९६ पेशंट, त्यात २६ ग्रे फक्त ५ वेळा, सोमवार ते शुक्रवार, आणि पाच वर्षांनी बघितलं तर परिणाम तीन आठवड्यांइतकाच चांगला. कोविडच्या ऐन धामधुमीत ते आल्यामुळं जगभर पटकन उचललं गेलं. ज्यांना रोज येणंच जमत नाही अशांसाठी आठवड्यातून एकदाच, असे पाच आठवडे, ही पण एक पद्धत आहे. काही जणींना अख्ख्या स्तनाऐवजी फक्त गाठ होती तेवढ्याच भागाला देतात. सगळ्यांना पाच दिवस चालतंच असं नाही, काखेला पण द्यायचं असेल, अख्खा स्तन काढलेला असेल तर डॉक्टर तीन आठवडे म्हणतील, पण "हिला पाच वेळात होईल का" हे विचारायला काय जातंय. आटपाडीवरनं म्हातारीला रोज मिरजेला आणणं म्हणजे जाता-येता अख्खा दिवस आणि बरोबरच्या माणसाचा खाडा, १५ चं ५ झालं तर घरातलं अर्धं भांडण मिटतं.

प्रत्यक्षात काय होतं ते पण सांगते, कारण न माहिती असल्यामुळंच जास्त भीती असते. पहिल्या दिवशी शेक नसतातच. एका फळीवर, म्हणजे ब्रेस्ट बोर्डवर, हात डोक्याच्या वर करून झोपवतात आणि सीटी स्कॅन काढतात, छातीवर रंगाच्या रेषा नाहीतर टाचणीच्या टोकाएवढे कायमचे ठिपके काढतात. इथंच म्हाताऱ्या बायकांची पहिली अडचण येते, हात वर जातच नाही! काखेच्या ऑपरेशननंतर खांदा आखडलेला असतो आणि तीन आठवडे कुणी व्यायाम करून घेतलेला नसतो. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी परवानगी दिल्या दिवसापासून भिंतीवर बोटं वर वर चढवायचा तो व्यायाम रोज करून घ्या, नाहीतर ह्या एका कारणासाठी रेडिएशन पुढं ढकललं जातं. स्कॅन झाल्यावर डॉक्टर आणि फिजिसिस्ट, म्हणजे किरणांचा हिशोब करणारे, कॉम्प्युटरवर प्लॅन बनवतात, किरणं कुठल्या कोनातून सोडायची, फुफ्फुस आणि हृदय कसं वाचवायचं, त्याला काही दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत रेषा पुसायच्या नाहीत, म्हणजे तिथं घासून आंघोळ नाही. आमच्या एका मामींनी सण आला म्हणून उटणं लावून स्वच्छ धुवून काढल्या होत्या, परत मार्किंग.

रोजचा शेक म्हणजे खोलीत जायचं, तसंच झोपायचं, मशीन भोवती फिरतं, घरघर आवाज येतो, काहीही टोचत नाही, भाजत नाही, गरम पण लागत नाही. किरणं चालू असतात ती काही मिनिटं, बाकी वेळ नीट झोपवण्यात जातो. खोलीत पेशंट एकटी असते पण बाहेरून कॅमेऱ्यात दिसते आणि माईकवर बोलता येतं. कमी ऐकू येत असेल तर हे आधीच सांगून ठेवा, कारण डाव्या बाजूचा स्तन असेल तर हृदय लांब जावं म्हणून खोल श्वास घेऊन वीसेक सेकंद रोखून धरायला सांगतात, आणि आतून "श्वास घ्या, थांबा" हे ऐकूच आलं नाही तर कसं व्हायचं. सगळ्यांना ते जमत नाही, नाही जमलं तर दुसऱ्या पद्धती आहेत. पेसमेकर बसवलेला असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, विसरू नका. आधी कधी छातीला रेडिएशन झालं असेल तर ते पण. बीपी, शुगरच्या गोळ्या डॉक्टरांनी बदलल्या नसतील तर चालूच ठेवायच्या, शेक आहेत म्हणून उपाशीपोटी जायचं नाही. अॅडमिट व्हावं लागत नाही, केस जात नाहीत, केस जातात ते केमोनं.

त्रास काय होतो? कातडी लाल होते, काळवंडते, स्तनाच्या खालच्या घडीत आणि काखेत सोलवटते, आणि गंमत म्हणजे हे सगळ्यात जास्त होतं ते शेक संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी, तेव्हा बाई घरी असते आणि घरचे घाबरतात. तेल, हळद, बिब्बा, कुठलंही घरगुती काहीही लावू नका, डॉक्टरांनी दिलेलंच मलम. घट्ट ब्लाऊज बंद, जुना मऊ सुती सैल झंपर नाहीतर सरळ मुलाचा जुना शर्ट. थकवा येतो, दुपारी झोपावंसं वाटतं, झोपू द्या. पुढं कधी स्तन थोडा कडक होतो, आकार जरा बदलतो. क्वचित काही महिन्यांनी कोरडा खोकला आणि दम लागतो, फुफ्फुसाला सूज आल्यामुळं, तेव्हा गावातल्या डॉक्टरला रेडिएशन झालंय हे सांगा नाहीतर ते सर्दी-खोकल्याचंच औषध देत बसतील. काखेला पण शेक दिले असतील तर हाताला सूज येऊ शकते, त्या हाताला सुई, बीपीचा पट्टा शक्यतो नको.

ज्यांचा अख्खा स्तन काढलाय त्यांचं गणित वेगळं. काखेच्या चार किंवा जास्त गाठींत लागण असेल, गाठ ५ सेंटिमीटरच्या वर असेल, कातडीला किंवा छातीच्या भिंतीला धरलेलं असेल तर छातीला रेडिएशन लागतं, वय काहीही असो, तब्येत झेपणारी असली म्हणजे झालं. "सगळं काढून टाकलं ना, आता काय राहिलंय" हे इथं चालत नाही.

आणि एक गोष्ट लोकांना माहितीच नसते. कॅन्सर हाडात उतरलाय, कंबर-पाठ अशी दुखतेय की कूस बदलता येत नाही, आता काही इलाज नाही म्हणून घरी आणून ठेवलेली आजी, तिला पण रेडिएशनचा उपयोग आहे. बरं करायला नाही, दुखणं कमी करायला. बऱ्याचदा ८ ग्रेचा एकच डोस, एकदाच जाऊन यायचं, आणि पुढच्या काही आठवड्यांत दुखणं बऱ्यापैकी उतरतं. जखम वाहत असेल, रक्त येत असेल तर त्यासाठी पण देतात. "आता कशाला" म्हणून हे न विचारता राहू नका.

पैशाचं. सातारा, कराड, मिरज, कोल्हापूर ह्या पट्ट्यात रेडिएशनची सोय आहे, सरसकट मुंबईला पळायची गरज नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसतं, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. त्याला आधारवर सत्तर पूर्ण पाहिजेत, खरं वय पंचाहत्तर असलं तरी आधारवर ६८ असेल तर कार्ड निघणार नाही, हे आधी बघून घ्या. कुठल्या हॉस्पिटलात कुठली योजना आणि पाच वेळाचं पॅकेज का पंधराचं, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, विचारायचं, डॉक्टरांना नाही, आणि मंजुरी आल्यावरच मार्किंगची तारीख घ्यायची म्हणजे हेलपाटा होत नाही. एसटीला पंचाहत्तरीपुढं तिकीटच नाही आणि बाकीच्या बायकांना अर्धं, त्यामुळं प्रवासाचा खर्च खरा बरोबरच्या माणसाचाच.

शेक संपले की एक समरीचा कागद देतात, कुठल्या बाजूला, किती ग्रे, किती वेळा, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत. ह्या कागदाच्या दोन झेरॉक्स काढा, एक मोबाईलमध्ये फोटो ठेवा, आणि एक प्रत ज्या मुलीकडं नाहीतर सुनेकडं आईचं सगळं असतं तिच्याकडं द्या. एकदा रेडिएशन दिलेल्या जागेला परत तेवढाच डोस सहसा देता येत नाही, त्यामुळं पाच-सात वर्षांनी कधीही गरज पडली तर नवीन डॉक्टर पहिल्यांदा तोच कागद मागणार. वर्षाला एक मॅमोग्राफी दोन्ही बाजूंची, त्याची तारीख पण त्याच फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.